पाय की चेंडू

रात्री नऊला गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात.
धार ग्लासात पडते, फेस वर येतो,
आणि फेस बसायच्या आत
कुणीतरी तो टॅकल काढतोच.

चौदा वर्षं झाली.
बंडा मेस्त्री ग्लास ठेवतो: हा गोल.
बाटलीचं झाकण: हा आपला इर्शाद.
मग अंगठा तुटलेली चप्पल पुढं सरकवून दाखवतो
कसा आला साळोख्यांचा रणधीर,
कसा घसरत, दोन्ही तळवे वर.
‘चेंडू आधी लागलाय,’ पलीकडून सुभान्या.
‘चेंडू? अरं, चेंडू तवा रंकाळ्यात पोहत हुता!’
‘लाल कार्ड पायजे हुतं.’
‘पिवळं बी जास्त झालं असतं.’
म्हैस शेपटी हलवते. तिला दोन्ही पेठा सारख्या.

मी पैसे देतो. बोलत नाही.
मला कुणी विचारतही नाही,
लोकांना रेफरी आठवतो, शिट्टी आठवते,
इंगवले सर आठवतात, ज्यांच्या दारात
त्या रात्री कुणीतरी बांगड्या टाकल्या.
लाइनवर झेंडा घेऊन कोण होतं
ते पेपरातल्या फोटोतही अर्धंच आलंय:
एक कोपर
आणि खाली धरलेलं पिवळं कापड.

ते कोपर माझं.

सांगतो, जमेल तसं.
सत्तरावं मिनिट. शाहू स्टेडियमची ती बाजू
जिथं उन्हाळ्यात माती विटेच्या भुकटीसारखी उडते.
मी दहा पावलांवर होतो.
आवाज आधी आला, वाळलेली शेंग टाचेखाली यावी तसा.
मग गर्दी ओरडली, मग शिट्टी,
आणि इंगवले सरांनी माझ्याकडं बघितलं.
ते बघणं अजून संपलेलं नाही.

नियम मला पाठ.
पाठीमागून, बेपर्वा, जादा जोर लावून:
पुस्तकात तीन ओळी आहेत.
रणधीर माझ्या आत्याच्या गल्लीतला.
आईचं औषध हँडलला अडकवून
सायकल दामटताना मी त्याला पाहिलेलं.
याचा काही संबंध नाही.
याचा काही संबंध नाही, असं चौदा वर्षं म्हणतोय मी,
म्हणजे असणार.

झेंडा वर गेला नाही.
सरांनी नुसती फ्री किक दिली, कार्ड खिशात राहिलं.
दगड आले, मग पोलीस, मग रात्र.

इर्शाद आता बिंदू चौकाजवळ मोबाईल दुरुस्त करतो.
जिना चढताना डावा पाय एक पायरी मागून येतो.
परवा फोनची काच बदलायला गेलो.
‘झेंडावाले सर ना?’
मी म्हटलं, इर्शाद, त्या दिवशी…
तो म्हणाला, ‘थांबा, स्क्रू पडला.’
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून, टेबलाखाली,
तिळाएवढा एक स्क्रू शोधत राहिलो, बराच वेळ.
सापडला. त्याच्याच डाव्या टाचेपाशी.
काचेचे साडेनऊशे झाले, त्यानं पन्नास सोडले.
का, ते मी विचारलं नाही.

आज पुन्हा नऊ वाजलेत. म्हशी आल्यात.
बंडा झाकण सरकवतो, सुभान्या बोट नाचवतो,
एक पोरगं, त्या मॅचला जन्मलंही नसेल,
मोबाईलवर तो धूसर तुकडा
सावकाश, अजून सावकाश करून दाखवतं.
चित्र एका जागी थांबतं:
पाय, चेंडू, धूळ.
‘बघा की, इथं स्पष्ट दिसतंय!’
बंडा आणि सुभान्या एकदमच म्हणतात.

मी ग्लास डाव्या हातात घेतो
आणि उजवा, कुणाला कळणार नाही इतपत,
वर नेऊन बघतो.

‘अजून एक का, सर?’ गवळी विचारतो.
मी होय म्हणतो.